दुसरी वेलांटी

बाईंनी एकतीस वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना भाषा शिकवली. ‘ती आला’ असं कुणी वहीत लिहिलं की लाल गोल. लिंग आणि क्रियापद यांची गाठ सुटली की वाक्य लंगडतं, असं त्या वर्गात सांगायच्या आणि लंगडणारं वाक्य कसं चालतं तेही करून दाखवायच्या, एक पाय ओढत, फळ्यापासून दारापर्यंत. मुलं हसून हसून बाकाखाली जायची. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गल्लीतले चाळिशीचे बाप्ये त्यांना लांबून पाहून हातातली सिगरेट पाठीमागे धरत. अशा बाईंना स्वतःच्या घरात एक साधं वाक्य नऊ वर्षं सरळ बोलता आलं नाही.

त्यांना दोन अपत्यं. थोरला विमा कंपनीत कारकून, बाई त्याच्याकडेच राहायच्या. आणि दुसरी धाकटी. आपण पहिल्यापासून धाकटी म्हणू. बाईंना ते म्हणायला दहा वर्षं लागली.

धाकटी मुलगा म्हणून जन्मली आणि मुलगा म्हणून वाढवली गेली. बावीस वर्षांची असताना एका रविवारी बाई वह्या तपासत बसल्या होत्या, तेव्हा ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, “आई, मी मुलगी आहे. कायमच होते. आता तशीच राहणार.” बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, तिला घराबाहेर काढलं नाही. शेजारणींच्या मते हे फारच मोठं मन. पण त्या दिवसापासून बाईंनी जे आरंभलं ते व्याकरण कोळून प्यालेल्या माणसालाच जमतं.

आपल्या भाषेत समोरच्याला ‘आलास’ म्हणावं लागतं, नाहीतर ‘आलीस’. पळवाट नाही. बाईंनी ती काढली. ‘जेवलास’ नको आणि ‘जेवलीस’ही नको, “जेवण झालं का?” तशीच “निघणं झालं का?” ती थकून आली तर “आज फार दमणूक झाली वाटतं.” आणि तिसऱ्या माणसाशी बोलताना “धाकटं.” धाकटं आलं, धाकटं झोपलं. साप मरावा नि काठीही मोडू नये, असा हा बंदोबस्त. काठी शाबूत राहिली. मार कुणाला बसत होता ते बाईंनी पाहिलं नाही.

धाकटीच्या लक्षात यायला आठवडासुद्धा लागला नाही. बाईंचीच लेक ती. वर्षभर काही बोलली नाही, मग एकदा जेवताना सहज विचारावं तसं तिने विचारलं, “आई, मी टेबल आहे का गं?”

बाईंना कळेना.

“टेबल आलं, टेबल गेलं, टेबल मोडलं. तसं माझं चाललंय.”

“लेकरूसुद्धा ‘ते’च असतं,” बाई म्हणाल्या. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

“लेकरू मोठं होतं ना गं कधीतरी,” धाकटी म्हणाली, हसली आणि ताट उचलून घासायला गेली. ती हसली म्हणजे विषय मिटला, अशी बाईंनी समजूत करून घेतली. समजूत करून घेण्यात माणसाचं काही जात नाही, निदान तेव्हा तरी.

नाव मात्र तिने बदललं नाही. बाईंनी ते असं ठेवलं होतं की मुलालाही शोभावं नि मुलीलाही. “तेवढं एक तू नकळत बरोबर केलंस,” असं ती म्हणायची.

थोरल्याच्या बायकोला दिवस गेले तेव्हा धाकटी घर सोडून आपल्या कामाजवळ एका खोलीत राहायला गेली. जा असं कुणी म्हणालं नाही, राहा असंही कुणी म्हणालं नाही. दवाखान्यांचे गाऊन आणि गणवेश शिवणारा एक कारखाना होता, तिथे ती कापड कापायची. चाळीस थर एकावर एक रचून त्यावर खडूने रेघ मारायची आणि रेघ न सोडता कापत जायचं. हात असा की वरचा थर आणि खालचा थर यांत केसाचा फरक नसे. तिथे तिचं नाव पडलं कात्री. बायका चौतीस, ही पस्तिसावी.

सुरुवातीचे दोन महिने तिला बायकांच्या संडासात जाऊ देत नव्हते आणि पुरुषांच्यात ती जाईना. म्हणून दिवसभर पाणीच प्यायची नाही. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशिनवर एक बाई बसायची, तिला सगळे ओव्हरलॉकवालीच म्हणत. तिला कात्रीचे फुटलेले ओठ दिसले. तिने व्यवस्थापकाच्या खणातून किल्ली काढली, सगळ्यांदेखत कात्रीच्या हातात ठेवली आणि सांगितलं, “पस्तीस जणी, दोन संडास. रांगेत उभी राहा. लाड नाहीत.” त्यानंतर त्या विषयावर कुणी तोंड उघडलं नाही. ओव्हरलॉकवालीपुढे तोंड उघडायची पद्धतच नव्हती.

आणि मग गेल्या वर्षीची ती संध्याकाळ. कारखान्यासमोर रस्त्यापलीकडे बसथांबा आहे. पावणेसातला बाईंनी फोन केला होता. “निघणं झालं का?” धाकटी म्हणाली, “निघाले, आई.” त्या ‘निघाले’च्या शेवटच्या अक्षरावर ती नेहमी जरासा जोर द्यायची. सात वाजता थांब्यावर तिघांनी आधी तिची चेष्टा केली, मग तिला मारलं. थांब्यावर अकरा माणसं होती. अकराही जणांनी पाहिलं. बस आली तेव्हा नऊ जण तिच्यात चढले आणि घरी गेले. धाकटी दवाखान्यात सकाळपर्यंतच जगली. तिच्या अंगावरचा हिरवा गाऊन तिनेच कापलेल्या कापडाचा होता.

पोलिसांच्या कागदावर ‘पुरुष’ आलं. पेपरात ‘इसम’ आलं. शेवटचे कपडे म्हणून थोरल्याने आपला शर्ट आणि पँट दिली. धाकटीचा निळा झगा इस्त्री करून बाईंच्या पिशवीत होता. त्यांनी तो नेला होता आणि पिशवीतून बाहेर काढला नाही. शर्टाची बटणं लावली जात होती आणि बाई पिशवीचे बंद धरून शेजारी उभ्या होत्या. पुढे वर्षभर कोर्टाच्या एकूण एक तारखेला बाई हजर राहिल्या, त्या तिघांच्या बरोबर समोरच्या बाकावर. वकील धाकटीला ‘मयत’ म्हणायचे. मयताला काय, कुठलंही क्रियापद चालतं.

वर्ष भरत आलं तेव्हा ओव्हरलॉकवाली घरी आली. फाटकाच्या आत, थांब्याच्या बरोबर समोर, कात्रीच्या नावाचं दगडी बाक बसवायचं बायकांनी ठरवलं होतं. व्यवस्थापकांनी होही म्हटलं होतं. फक्त बाकावरचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिला होता. ओव्हरलॉकवालीने घडीचा कागद पुढे केला. वर धाकटीचं नाव, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’.

बाईंनी तो एकदा वाचला, दोनदा वाचला. शुद्धलेखनाची चूक नव्हती. यांच्या. मान दिलेला, अनेकवचन, कोण ते कळायची सोय नाही. ही कारागिरी बाईंच्या ओळखीची होती. घरात नऊ वर्षं त्यांनी हाच माल बनवला होता.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या. कापायचं लांब टेबल, त्याच्या कडेला खडूचे डाग, भिंतीवरच्या खिळ्याला लटकणारी मोठी कात्री. ती अजून कुणी काढली नव्हती. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं की दवाखान्याचे लोक येतात, गिऱ्हाइकं येतात, कुणाला खटकू नये असं वाक्य बरं.

“साहेब, हे वाक्य मी नऊ वर्षं बोललेय,” बाई म्हणाल्या. “कुणालाच खटकत नाही. आणि जिच्यासाठी आहे तिला पोचत नाही.”

मग काय लिहायचं, असं त्याने विचारलं. बाईंनी टेबलावरचा खडूचा तुकडा उचलला आणि काळ्या कापडाच्या वरच्या थरावर दोन शब्द लिहिले. ‘आमची होती.’ ओव्हरलॉकवालीने दारातून सांगितलं, साहेबांना हे पसंत नसेल तर उद्यापासून मशिनं आजारी पडायची लक्षणं दिसतायत, चौतीसही एकदमच. साहेबांना ते पसंत पडलं.

दगडाचं काम एका म्हाताऱ्या पाथरवटाकडे दिलं होतं. त्याच्या शेडमध्ये अर्धवट कोरलेली नावं भिंतीला टेकून उभी असत. त्याची पद्धत ठरलेली: मजकूर आधी पातळ कागदावर पेन्सिलीने काढायचा, घरच्या माणसाने त्याखाली सही करायची, मगच छिन्नी लावायची. “दगडाला खोडरबर नसतं, बाई,” तो म्हणाला. “माझी बायकोसुद्धा बोललेलं फिरवते, पण दगड नाही.” बाईंचं अक्षर पाहून तो इतका खूश झाला की नमुना तुम्हीच काढा म्हणाला. बाईंनी फळ्यावर काढत तसं टपोरं अक्षर काढलं. वर नाव, खाली ‘आमची होती’. सही केली.

घरी थोरल्याला सांगितलं तेव्हा त्याने भाकरीचा घास हातातच धरला. तो धाकटीचा वैरी नव्हता. लहानपणी तिला कुणी चिडवलं तर हाच दगड घेऊन धावायचा. पण लग्न झालं, मुलगी झाली, शेजार झाला, आणि माणूस हळूहळू दाराला कड्या लावत जातो तशा त्याने लावल्या होत्या. दुसरीतल्या मुलीला त्याने सांगून ठेवलं होतं की तुझा एक काका होता, तो फार लांब गेला. आता म्हणाला, दगड कायमचा असतो, आई. उद्या पोरीला लोक विचारतील. विचारू देत, बाई म्हणाल्या. तो पुढे काही बोलला नाही. बाईंनी त्याला रुकार समजला. धाकटीच्या हसण्याच्या वेळी जी चूक केली तीच त्यांनी पुन्हा केली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला स्वतःची चूक ओळखायला येतेच असं नाही.

बाक बसवायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई दगड पाहायला गेल्या. पाथरवटाने वरचं पोतं बाजूला केलं आणि अभिमानाने मागे सरला.

वर नाव. खाली ‘आमचा होता’.

अक्षर बाईंचं होतं. तेच टपोरं ‘च’, तीच ‘ह’ची शेपटी, त्याच उंचीचे काने. खोटं बोलावं आणि ते आपल्याच आवाजात ऐकू यावं, तसं बाईंना झालं. त्या शेजारच्या दगडावर बसल्या.

पाथरवट घाबरला. त्याने कागद शोधून आणला. नमुन्यावर ‘ची’ आणि ‘ती’ यांच्या डोक्यावरची वळणं रबराने पुसलेली होती आणि बाईंच्या सहीखाली थोरल्याची सही होती. थोरला चार दिवसांपूर्वी आला होता. आईचं वय झालंय, दुःखात चूक झाली, म्हणाला; पोलिसांचा कागद दाखवला, ‘पुरुष’ लिहिलेला. पाथरवटाच्या धंद्यात थोरल्या मुलाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. थोरल्याने नवीन काही लिहिलं नव्हतं. दोन कमानी पुसल्या, बस.

दुसरा दगड मिळायला पंधरा दिवस, पाथरवट सांगू लागला. हाच दगड लांबीने बुजवून काढतो म्हणाला तर तो डाग जन्मभर दिसणार. नाहीतर उद्याचा कार्यक्रम पुढे ढकला. बाई ऐकत नव्हत्या. त्या उठून दगडाच्या अगदी जवळ गेल्या होत्या आणि मान जरा तिरकी करून पाहत होत्या, पोराची वही पाहावी तशा.

“खडू आहे?” त्यांनी विचारलं.

खडू होता. बाईंनी ‘चा’च्या कान्यावर खडू टेकवला आणि डोक्यावरून डावीकडे एक वळण घेतलं. मग ‘ता’च्या कान्यावर तसंच.

“दुसरी वेलांटी,” त्या म्हणाल्या. “काना आधी द्यायचा असतोच. याचं फक्त वरचं वळण राहिलंय. पहिलीतली पोरं अशीच विसरतात.”

पाथरवट आधी दगडाकडे पाहत राहिला, मग बाईंकडे. पुसायचं काही नव्हतं. मात्रांसाठी ओळीच्या वर जागा सोडलेली होतीच, ती तो नेहमीच सोडायचा. त्याने कपाळावर हात मारला आणि छिन्नी उचलली. “अर्ध्या तासाचं काम.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गात एक नियम होता. ज्याची चूक, दुरुस्ती त्याच्याच हातची.” आणि त्यांनी थोरल्याला फोन लावला. चूक झालीये, शेडमध्ये ये, एवढंच सांगितलं.

तो कचेरीतून तसाच आला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. खडूची वळणं त्याने पाहिली आणि काय झालं ते त्याला कळलं. पाथरवट चहा आणतो म्हणून निघून गेला, शहाणा माणूस.

“मी चूक केली नाही, आई,” थोरला म्हणाला. “मी घर सांभाळलं.”

“घर सांभाळता सांभाळता घरातलं माणूस गेलं.” बाई थांबल्या. हे वाक्य त्यांनी कानाने तपासलं. “गेली,” त्या म्हणाल्या. “घरातली मुलगी गेली.”

थोरल्याने ओळखपत्राची पट्टी बोटाभोवती गुंडाळली. लोक हसतील, असं काहीतरी तो पुटपुटला.

“थांब्यावर अकरा जण होते,” बाई म्हणाल्या. “मी तारखेला जाते तेव्हा ती यादी वाचतात. ऐकून ऐकून पाठ झालीय. तुला मी बारावा होऊ देणार नाही. आणि ऐक, तुला एकट्याला दोष देत नाही. तू एकदा पुसलंस, रबराने, कागदावर खूण तरी राहिली. मी नऊ वर्षं रोज पुसत होते, आणि असं सफाईदार की कुणाला खाडाखोड दिसू नये. म्हणून पहिली दुरुस्ती माझी. दुसरी तुझी.”

पाथरवट चहा घेऊन आला तर बाईंनी पदर खोचून छिन्नी हातात घेतलेली. त्याने ती कशी धरायची ते दाखवलं: तिरकी, अंगठा खाली, घाव हलका, घाई नाही. बाईंनी हातोडी मारली. दगडाची चिमूटभर भुकटी उडाली.

“आलीस,” बाई म्हणाल्या.

थोरल्याला वाटलं आई आपल्याशी बोलतेय. पण बाई दगडाशी बोलत होत्या, दर घावाला एक शब्द, हळू, जसं मुलांकडून क्रियापदं म्हणून घ्यावीत. जेवलीस. दमलीस. निघालीस. भिजलीस. उशिरा आलीस. हसलीस. नऊ वर्षांत त्यांनी जे जे गिळलं होतं ते एकेक बाहेर येत होतं आणि प्रत्येकाबरोबर वळण जरा पुढे सरकत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही. फळ्यावर लिहिणाऱ्याचा हात तो, डोळे न पुसताही ओळ सरळ ठेवणारा. मोठी झालीस, असं शेवटच्या घावाला म्हणाल्या आणि छिन्नी थोरल्यापुढे धरली.

त्याने ती घ्यायला वेळ लावला. मग घेतली. त्याला जमत नव्हतं. पहिलाच घाव निसटला आणि कमानीच्या बाहेर एक ओरखडा उठला. तो घाम पुसत राहिला आणि मारत राहिला. वळण शेवटी पुरं झालं, जरा थोटं, जरा वाकडं. पाथरवट पुढे झाला, हे मी साफ करून देतो म्हणाला.

“वाचता येतंय ना?” बाईंनी विचारलं. “मग राहू दे.”

दुसऱ्या दिवशी कारखाना सहाला सुटला आणि चौतीस बायका फाटकाशी जमल्या. धाकटीच्या चार मैत्रिणीही आल्या होत्या, तिच्यासारख्याच, मुली म्हणून जगायचं ठरवलेल्या. त्या आधी रस्त्यापलीकडेच उभ्या राहिल्या. ओव्हरलॉकवालीने हात वर करून त्यांना हाक मारली की तिकडे काय बस पकडायची आहे का. मग त्या आल्या. त्यांतल्या सगळ्यांत उंच मैत्रिणीच्या हातात एक कागद होता. त्यावर गेल्या काही वर्षांत अशाच मारल्या गेलेल्या सहा जणींची नावं होती. त्यांच्या घरच्यांनी दगड सोडा, त्यांचा फोटोही ठेवला नव्हता. तिने ती मोठ्याने वाचली. प्रत्येक नावानंतर बायका म्हणत गेल्या, ‘आमची होती’. हे कुणी ठरवलं नव्हतं. व्यवस्थापकही म्हणाला, दुसऱ्या नावापासून.

पाथरवट कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. तो उंच मैत्रिणीजवळ गेला आणि म्हणाला की बाकाच्या पाठीची मागची बाजू कोरीच आहे. कागद माझ्याकडे दे, असंही म्हणाला. घरच्यांची सही कुणाची घेऊ, असं त्याने सवयीने विचारलं आणि स्वतःच गडबडला. बाईंनी कागद मागून घेतला, शेजारी उभ्या असलेल्या एकीच्या पाठीवर टेकवला आणि सहाही नावांखाली आपली सही केली.

सात वाजत आले तेव्हा गर्दी पांगू लागली. आता सातच्या बसला बायका एकट्यादुकट्या जात नाहीत. बारा-बारा जणी मिळून रस्ता ओलांडतात; आज त्यांनी त्या मैत्रिणींना मध्ये घेतलं. थोरला मुलीला घेऊन आला होता. तिला आणायचं की नाही हे त्याने दुपारपर्यंत ठरवलं नव्हतं. पोरीला नुकतंच जोडाक्षरांपर्यंत वाचता येऊ लागलं होतं, त्यामुळे ती दुकानांच्या पाट्यांपासून औषधाच्या बाटलीपर्यंत दिसेल ते वाचायची. तिने बाकावर बोट ठेवलं. वरचं नाव वाचलं. मग खाली सरकली.

“आ, म, ची. आमची. हो, ती. होती.” ‘ती’च्या वाकड्या वेलांटीत बोट फिरवून तिने मान वर केली. “बाबा, कोण होती?”

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते मागे घेतलं. वर्गात एखाद्या पोराला येत असतं पण तोंडातून फुटत नसतं, तेव्हा बाई अशाच थांबायच्या, कितीही वेळ, शेजारच्याला बोलू न देता. समोर बस येऊन उभी राहिली. बायका चढल्या. बस गेली.

“माझी बहीण,” थोरला म्हणाला. मग तो पोरीजवळ खाली बसला. “तुझी आत्या.”

पोरीने पुन्हा नावावर बोट ठेवलं. काका लांब गेला होता, ही आत्या कुठून आली, हा हिशेब तिच्या डोक्यात एक क्षण चालला असावा. पण मुलांना असे हिशेब फार वेळ पुरत नाहीत.

“मग आत्या का नाही आली इथे?” तिने विचारलं.

नाही आली. बाईंना जे नऊ वर्षं जमलं नव्हतं ते पोरीला पहिल्या फटक्यात बरोबर आलं होतं. थोरल्याने आईकडे पाहिलं, पोरीला काय सांगायचं आणि किती, ते विचारत. बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी शेजारची जागा हाताने थोपटली.

“बस इथे,” त्या नातीला म्हणाल्या. “ती का नाही आली ते सगळं सांगते.”